विलंबी संवत्सर, शके १८२० : एकाच सालातील मृत्यूंचा विचार

सरत्या वर्षात निवर्तलेल्या नामवंतांची यादी डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात छापण्याचा वृत्तपत्रांचा रिवाज आता इतका अंगवळणी पडला आहे, की त्या यादीतील माणसांना एकत्र आणणारे 'वर्ष' हे एकक आले कोठून, असा प्रश्न वाचकाला सहसा पडत नाही. राजा, चित्रकार, फासावर गेलेला तरुण आणि पोलादाचा कारखानदार हे एका ओळीत बसतात ते केवळ त्यांच्या मृत्यूचा दिनांक १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या कुंपणात पडला म्हणून. कुंपण थोडे सरकवले की ओळ विस्कटते आणि दुसरीच माणसे शेजारी येऊन बसतात. प्रस्तुत व्याख्यानात इ. स. १८९८ हे वर्ष या दृष्टीने तपासायचे आहे. ते निवडण्याची दोन कारणे आहेत. चिंचवडच्या दामोदर हरी चापेकरांना या वर्षी १८ एप्रिल रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले, हे पहिले. आणि भारतीय कालगणनेचा आद्य इतिहासकार, म्हणजे 'कोणते वर्ष कोणाचे' या प्रश्नाचा ज्याने आयुष्यभर पाठपुरावा केला तो शंकर बाळकृष्ण दीक्षित नावाचा मराठी शिक्षक, त्याच एप्रिल महिन्यात निवर्तला, हे दुसरे.

दीक्षितांचे नाव आज पंचांगकर्ते आणि खगोलशास्त्राचे अभ्यासक यांच्या बाहेर फारसे घेतले जात नाही, ही मराठी विद्याव्यवहाराला न शोभणारी गोष्ट होय. दापोलीजवळच्या मुरुड गावी १८५३ मध्ये जन्मलेले दीक्षित पेशाने शिक्षक होते आणि उत्तरायुष्यात पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवीत होते. जॉन फेथफुल फ्लीट हा मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी गुप्त राजांच्या शिलालेखांचे संपादन करीत असता त्या लेखांतील तिथी-वारांचे गणित दीक्षितांनी करून दिले आणि गुप्त संवताचा आरंभ इ. स. ३१९-२० च्या सुमारास ठरवण्याच्या कामी ते गणित आधारभूत झाले. शतपथ ब्राह्मणातील कृत्तिका नक्षत्र पूर्व दिशेपासून ढळत नाही अशा अर्थाच्या विधानावरून त्या ग्रंथाचा काळ काढण्याचा प्रयत्न त्यांनीच केला. रॉबर्ट स्यूएल यांच्यासह त्यांनी इंग्रजीत लिहिलेला भारतीय पंचांगावरील ग्रंथ आणि 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा त्यांचा मराठी महाग्रंथ, दोन्ही १८९६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांनी, वयाच्या पंचेचाळिशीत, ते गेले.

एकाच दिवसाला किती वर्षे चिकटलेली असतात, हे दीक्षितांच्या शास्त्रावरून कळते. शालिवाहन शक महाराष्ट्रात चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होतो, तर गुजरातेत विक्रम संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो. शकाचा आकडा बहुधा 'गत' असतो, म्हणजे पुरी झालेली वर्षे मोजतो, पण क्वचित 'वर्तमान', म्हणजे चालू वर्षाचाही असतो, त्यामुळे जुन्या लेखात एका वर्षाचा घोटाळा सहज होतो. महिनाही सर्वत्र सारखा नाही. नर्मदेच्या दक्षिणेस महिना अमावास्येला संपतो, त्याला अमान्त म्हणतात. उत्तरेस तो पौर्णिमेला संपतो, त्याला पूर्णिमान्त म्हणतात. म्हणून दामोदर चापेकरांची पुण्यतिथी पुण्यात चैत्र वद्यात पडते आणि तीच काशीच्या पंचांगात वैशाख कृष्णात जाते. सूर्याच्या वर्षाशी चांद्र महिन्यांचा मेळ राहावा म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास घालावा लागतो आणि ते वर्ष तेरा महिन्यांचे होते. शके १८२० हे असेच तेरा महिन्यांचे वर्ष होते. ते १८९८ च्या मार्चमधील चौथ्या आठवड्यात गुढीपाडव्याला सुरू झाले आणि १८९९ च्या एप्रिलमधील दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालले. त्याचे नाव विलंबी.

साठ संवत्सरांचे चक्र, ज्यात प्रभव पहिला आणि क्षय शेवटचा, मुळात गुरू ग्रहाच्या गतीवर बसवलेले आहे. गुरूला राशिचक्राची एक फेरी पुरी करण्यास सुमारे बारा वर्षे लागतात आणि अशा पाच फेऱ्यांची साठ वर्षे होतात. उत्तरेत अजूनही गुरूच्या मध्यम गतीचा हिशोब ठेवतात, म्हणून तेथे पंचाऐंशी-शहाऐंशी वर्षांनी एक नाव गाळावे लागते, ज्याला क्षय संवत्सर म्हणतात. दक्षिणेत ग्रहाशी नाते सोडून नावे नुसती ओळीने घेतात. शके १८२० विलंबी असते ते दक्षिणेत. उत्तरेच्या पंचांगात त्याच वर्षाचे नाव दुसरे. म्हणजे नाव जरी आकाशातून आलेले दिसले, तरी ते कोणत्या प्रांताचे आहे हे पाहावेच लागते.

आता इ. स. १८९८ ची यादी या शकाच्या कुंपणातून पाहता येईल. त्या वर्षी १४ जानेवारीस इंग्रज लेखक लुईस कॅरोल गेला आणि १५ मार्चला हेन्री बेसेमर. दोघांचेही मृत्यू शके १८१९ मध्ये पडतात, म्हणजे पुणेरी माणसाच्या हिशोबाने ते आदल्या वर्षीचे. सर सय्यद अहमद खान २७ मार्चला अलीगढला वारले, तेव्हा शके १८२० उजाडून जेमतेम चार-पाच दिवस झाले होते. त्यांच्या समाजाच्या हिजरी गणनेप्रमाणे मात्र १३१५ चालू होते, कारण हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असून त्यात अधिक मास नसतो आणि ते ऋतूंवरून सरकत जाते. उलट बाजूने पाहिले, तर २९ जानेवारी १८९९ ला गेलेला चित्रकार आल्फ्रेद सिसली आणि १६ फेब्रुवारीस अचानक मरण पावलेला फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष फेलिक्स फोर हे आपल्या विलंबी संवत्सराचेच मृत होत. ग्लॅडस्टन (१९ मे) आणि बिस्मार्क (३० जुलै) या दोन थोरांबद्दल अडचण नाही. ते दोन्ही यादीत येतात, आणि त्यांच्याबद्दल इतके लिहिले गेले आहे की येथे थांबण्याचे कारण नाही.

बेसेमरजवळ मात्र चिंचवडच्या श्रोत्यांनी क्षणभर थांबावे. लोखंडाच्या रसात हवा सोडली असता त्यातील कर्ब व सिलिकन जळून जातात, जळताना स्वतःच उष्णता देतात आणि बाहेरून वेगळे इंधन न घालता काही मिनिटांत पोलाद तयार होते, ही त्याची १८५६ ची युक्ती. सुरुवातीस ती फसली. लोखंडातील फॉस्फरस तसाच राहून पोलाद ठिसूळ निघे आणि रॉबर्ट मशेटच्या मँगनीजच्या भरीवाचून त्यातील प्राणवायूचे दोषही जात नसत. पुढे हे दोष निघाले आणि रेल्वेच्या पहिल्या पिढीतील घडीव लोखंडाच्या रुळांची जागा पोलादी रुळांनी घेतली. चिंचवड स्थानक ज्या मुंबई-पुणे मार्गावर आहे, त्याचा बोरघाटातील टप्पा १८६३ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा पोलादी रुळांचे युग नुकते उगवत होते. १९५२ पासून ऑस्ट्रियातील लिंझ येथे हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन सोडण्याची पद्धत सुरू झाली आणि आज जगातील बहुतेक पोलाद त्याच कुळातील भट्ट्यांत बनते. भोसरी, आकुर्डी, चाकण येथल्या प्रेस शॉपमध्ये दाबला जाणारा पत्रा त्या वंशाचा आहे. इतकी मोठी कामगिरी करणारा माणूस आणि चिंचवडचा दामोदर एकाच इसवी सनात गेले, हे चमत्कारिक वाटते. पण शकात पाहिले तर ते एका वर्षाचेही नव्हेत.

एप्रिल १८९८ हा महिना मात्र या सर्व यादीत वेगळा आहे. ८ एप्रिलला व्हिएन्नाचे संस्कृत पंडित गेओर्ग ब्यूलर बोडन सरोवरात बुडून गेले. हे गृहस्थ १८६३ पासून मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते आणि हस्तलिखितांच्या शोधासाठी त्यांनी पश्चिम भारत पालथा घातला होता. टिळकांचा 'ओरायन' हा वेदकालाविषयीचा ग्रंथ आणि त्याच सुमारास जर्मन पंडित याकोबीने मांडलेले मत, या दोहोंची दखल ब्यूलरनी 'इंडियन अँटिक्वरी'त घेतली होती, आणि त्याच नियतकालिकात दीक्षितांचे शतपथ ब्राह्मणाच्या काळावरील लेखन प्रसिद्ध झाले. वेदांचा काळ नक्षत्रांवरून ठरवता येईल काय, या एका वादात व्हिएन्नातील पंडित, पुण्यातील शिक्षक आणि मंडालेला जाण्यास अजून दहा वर्षे बाकी असलेले टिळक हे तिघे गुंतले होते. त्यांपैकी दोघे एकाच महिन्यात गेले आणि तिसरा त्या महिन्यात राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होता. १४ सप्टेंबर १८९७ रोजी टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली होती आणि ती पुरी होण्याआधी, ६ सप्टेंबर १८९८ ला, त्यांची सुटका झाली. सुटकेच्या अर्जावर सही करणाऱ्यांत माक्स म्यूलर होते. एकाच वर्षात मेल्याने कोणी कोणाचा आप्त होत नाही. येथे मात्र यादीने जी माणसे शेजारी आणून बसवली, ती आधीच एका चर्चेच्या शेजारात होती. ज्या दिवशी दामोदरला फाशी झाली, त्याच दिवशी पॅरिसमध्ये चित्रकार गुस्ताव्ह मोरो मरण पावला. याचे महत्त्व तारखेच्या योगायोगापलीकडे नाही, आणि योगायोगाला अर्थ चिकटवण्याचा मोह इतिहासलेखकाने आवरावा.

चापेकरांचा वृत्तांत चिंचवडमध्ये सर्वांना ठाऊक असला, तरी कालक्रमाच्या दृष्टीने तो पुन्हा पाहिला पाहिजे, कारण सालाचा नियम त्याची फार विचित्र वाटणी करतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रकट झाला आणि लवकरच पुण्यात पसरला. १८९७ च्या आरंभी वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याकडे प्लेग निवारणाचे काम सोपवण्यात आले आणि मार्च ते मे या काळात गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागल्या. प्लेगच्या याच लाटेत कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारीला, तर सावित्रीबाई फुले १० मार्चला, रुग्णांची शुश्रूषा करताना गेल्या. हे दोन्ही मृत्यू शके १८१८ मधील, आणि राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, २२ जूनला, गणेशखिंडीत रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्या शके १८१९ मधल्या. आयर्स्ट तत्काळ मेला, रँड ३ जुलैला. इसवी सनाच्या यादीत सावित्रीबाई आणि रँड एका पानावर येतात: एक प्लेगाने मारलेली आणि दुसरा प्लेगाच्या बंदोबस्तामुळे मारला गेलेला. शकाच्या यादीत त्यांच्यामध्ये एक गुढीपाडवा आहे.

दामोदरला ऑक्टोबर १८९७ मध्ये पकडण्यात आले. वडील हरी विनायक चापेकर हे कीर्तनकार आणि मुले त्यांना साथ करीत, या संस्कारातून आलेल्या तरुणाने तुरुंगात मराठीत आत्मवृत्त लिहिले. त्यात राणीच्या मुंबईतील पुतळ्याला डांबर फासल्याची हकिकत आहे, तशी समाजसुधारकांविषयीची कडवी चीडही आहे. स्मारकांच्या भाषेत ही दुसरी बाजू सहसा येत नाही. परंतु जुन्या कागदाचा मान राखायचा तर तो पूर्ण वाचला पाहिजे. दामोदर फासावर गेला तेव्हा चैत्र वद्याचे अखेरचे दिवस चालू होते, शके १८२०. त्याचा भाऊ बाळकृष्ण फरारी होता. दामोदरची बातमी देणारे गणेश व रामचंद्र द्रविड हे बंधू, ज्यांना वीस हजारांच्या इनामाचा मोह पडला असे सांगतात, त्यांच्यावर धाकटा भाऊ वासुदेव आणि त्याचा साथीदार महादेव रानडे यांनी ८ फेब्रुवारी १८९९ रोजी गोळ्या झाडल्या. पुढे वासुदेवला ८ मे, रानड्याला १० मे आणि बाळकृष्णाला १२ मे १८९९ ला फाशी झाली.

हे चौघे स्मरणात एकत्र आहेत, पण कोणतेही साल त्यांना एकत्र ठेवीत नाही. इसवी सनाने दामोदर १८९८ मध्ये एकटा पडतो आणि बाकीचे तिघे १८९९ मध्ये, त्यांच्यापैकी दोघांनी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या द्रविडांच्या सोबत. शकाने वाटणी उलटी होते: द्रविड शके १८२० मध्ये, म्हणजे ज्याची बातमी त्यांनी दिली त्या दामोदरच्या वर्षात जातात, आणि मारणारे शके १८२१ मध्ये, विकारी संवत्सरात. एका यादीत मारणारे आणि मारलेले शेजारी, तर दुसऱ्या यादीत बातमी देणारे आणि बातमीचा बळी शेजारी. आणखी एक गोष्ट पंचांगच दाखवते. दामोदर व वासुदेव यांच्या फाशीच्या इंग्रजी तारखांत वीस दिवसांचे अंतर दिसते, पण मधल्या वर्षात अधिक मास पडल्याने तिथीच्या हिशोबाने दोघेही चैत्र वद्याच्या शेवटाला, अमावास्येच्या तोंडावर, एक-दोन दिवसांच्या फरकाने गेले. रानडे आणि बाळकृष्ण मात्र अमावास्येपलीकडे, वैशाख शुद्धात.

ही जवळीक पुण्यतिथीच्या मराठी प्रथेत सहज उतरते, कारण आपल्या परंपरेने मृत्यूची नोंद ठेवली ती तिथीची, सालाची नव्हे. याचे सर्वांत ठळक उदाहरण चिंचवडच्याच देवस्थानात आहे. मोरया गोसावींच्या संजीवन समाधीचा उत्सव मार्गशीर्ष वद्य षष्ठीला होतो, आणि त्या तिथीबद्दल कोणाचे दुमत नाही. सालाबद्दल मात्र परंपरा शके १४८३ सांगते आणि अभ्यासक ते पुढे ओढतात. पालखीला आणि महाप्रसादाला साल लागत नाही; तिथी पुरते. त्यामुळे 'या वर्षी कोण कोण गेले' अशी यादी जुन्या मराठी मनाला सुचली नसती, 'आज कोणाची तिथी' ही मात्र घराघरांत ठाऊक होती, आणि पितृपंधरवड्यात तर वर्ष सर्वस्वी पुसले जाऊन फक्त तिथीने मृतांचे वर्गीकरण होते.

याच १८९८ मध्ये जगाच्या दुसऱ्या टोकाला वर्षाचे नाव मृत्यूला कसे चिकटते, याचे उलटे उदाहरण घडले. चीनमध्ये सम्राट ग्वांगश्यूने ११ जूनपासून सुधारणांची आज्ञापत्रे काढली आणि २१ सप्टेंबरला सम्राज्ञी त्सशीने सत्ता हाती घेतल्यावर ती चळवळ मोडली. २८ सप्टेंबरला पेकिंगच्या त्साइशीखौ चौकात सहा सुधारकांचा शिरच्छेद झाला. त्यांत तेहतीस वर्षांचा थान स्सथोंग होता. त्यांचा सहकारी सुधारक लियांग छिचाव जपानला निसटला, पण थानने पळून जाण्यास नकार दिला. या सहा जणांना चिनी इतिहासात 'वूशूचे सहा सज्जन' म्हणतात, आणि वूशू हे दुसरे काही नसून त्या वर्षाचे नाव आहे. दहा 'खोड' आणि बारा 'शाखा' यांच्या जोड्यांनी चिनी लोकही साठ वर्षांचे चक्र बनवतात. आपल्या बाजूला गुरूच्या पाच फेऱ्या, तिकडे दहा आणि बारा यांचा लघुतम साधारण विभाज्य; हिशोब वेगळा, पण संख्या तीच. फरक इतकाच की चीनने त्या नावाने माणसे ओळखली, आणि आपण विलंबीच्या नावाने कोणालाच ओळखले नाही.

थान आणि दामोदर यांची तुलना मोहात पाडते, पण जपून करावी. थान राज्य सुधारू पाहत होता, दामोदर परकी सत्ता आणि सुधारणा या दोन्हींवर चिडलेला होता. दोघांच्याही बाबतीत राज्याने फाशी वा शिरच्छेद हा सर्वांसाठी धडा मानला आणि तो धडा मृतांच्या बाजूने लोकांनी वाचला, इतके सारखेपण पुरे. १० सप्टेंबर १८९८ ला जिनिव्हा येथे ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिला लुइजी लुकेनी या इटालियन अराजकवाद्याने धार लावलेल्या कानशीने भोसकले. त्याने हेरलेले मूळचे सावज म्हणजे एक राजपुत्र होता आणि तो न सापडल्याने ही बळी गेली. अराजकवाद्यांविरुद्ध उपाय ठरवण्यासाठी त्याच वर्षी रोममध्ये नोव्हेंबर-डिसेंबरात आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या वर्षाच्या यादीत राजसत्तेवर उगारलेला हात आणि राजसत्तेने उगारलेला हात असे दोन्ही आहेत, व ते नेहमी ओळखीने वेगळे करता येत नाहीत.

शेवटी मोरया गोसावींच्या चिंचवडच्या मंदिराकडे वळणे क्रमप्राप्त आहे. त्या मंदिरावरील मराठी शिलालेख सांगतो की मंदिराचे काम शके १५८० मध्ये, विलंबी संवत्सरात, कार्तिक शुद्ध द्वादशीला सुरू झाले आणि विकारी संवत्सरात आषाढ शुद्ध चतुर्थीला पुरे झाले. त्यात चार चक्रांची, म्हणजे २४० वर्षांची, भर घातली की शके १८२० येतो. पुन्हा विलंबी, आणि त्याच्यापुढे पुन्हा विकारी. एका संवत्सरात दामोदर फासावर गेला, दुसऱ्यात वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण. भारतीय टपाल खात्याने दामोदर हरी चापेकरांचे तिकीट काढले ते जुलै २०१८ मध्ये, शके १९४० मध्ये, तेव्हाही विलंबीच चालू होता. ही सांगड कोणी जाणून घातलेली नाही. साठाने भाग जाणाऱ्या आकड्यांचा तो खेळ आहे, आणि दीक्षित हयात असते तर त्यांनी तो एका ओळीत सोडवून पुढची तिथी तपासायला घेतली असती. विलंबी संवत्सर यानंतर शके २००० मध्ये येईल, तेव्हा इसवी सन २०७८ चालू असेल.